चंद्रावर उतरणारी गत

“मग शेवट कसा करू, अक्का? तेवढंच सांगा.”

शार्दूल हे पुन्हा पुन्हा विचारत होता आणि अक्का आपल्या निवांत पान लावत होत्या.

कुरुंदवाडला नदीकडच्या बाजूला अक्कांची खोली आहे. दुपार कलली होती, जाजमावर ऊन आलं होतं. मी कोपऱ्यात बसलो होतो. मी अक्कांचा जुना शिष्य. सतारीपेक्षा चहा बरा करतो, असं त्या चारचौघांत सांगतात.

शार्दूल मात्र त्यांचा नावाजलेला शिष्य. पुण्यात राहतो, परदेशात वाजवतो. अक्कांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, पण फोन म्हणाल तर वर्षावर्षात नाही. असो.

या खेपेला तो नवी गत बांधून आला होता. नुसती सतार, शब्द एकही नाही. यान पृथ्वीवरून निघतं, तिच्याभोवती घिरट्या घालतं, मग तिला सोडून काळोखात लांब लांब जातं आणि चंद्राशी पोचतं... असं सगळं त्यानं सुरांत मांडलं होतं.

ते यान खरंच गेलं होतं. त्याची थोरली बहीण सुनेत्राताई, ती ते बनवणाऱ्यांतली. चंद्रावर उतरता उतरता त्याचा आवाज तुटला. फुटलं, की नीट उभं आहे आणि नुसतं बोलता येत नाही, कुणालाच कळलं नाही. महिने लोटले. बाकीच्यांनी नाद सोडला. ताई अजून रोज यंत्रापुढं जाऊन बसते, त्याची हाक येते का ऐकते.

उद्या पुण्यात यान बनवणाऱ्या त्या सगळ्या मंडळींपुढं शार्दूल ही गत वाजवणार होता.

“आधी मी शेवटाला ‘झाला’ ठेवला होता,” तो म्हणाला. “जलद, जोरात, तारांचा नुसता झणकार. यान उतरलं, जिंकलं, असा. ताई म्हणाली, हे खोटं आहे.”

“हं.”

“मग बदलला. आता सूर एकेक करून विझत जातात, आणि शेवटी सगळं गप्प. परवा घरी वाजवलं. अक्का, सगळे रडले हो! मी सांगतो म्हणून नाही, खरंच रडले.”

“आणि ती?”

शार्दूलनं मान खाली घातली.

“ताई उठून गेली. दारातनं म्हणाली, तू त्याला मारून टाकलंस. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.”

अक्कांनी पानाला चुना लावला.

“इथं गाडी चालवत तीच आली. माझ्या बोटांना त्रास नको म्हणून. पण वाटेत एक शब्द नाही. अक्का, ही गत मी तिच्यासाठी बांधली. उद्या ती आली नाही, तर मी वाजवू कुणासाठी?”

थोरल्या बहिणी अशाच. अबोला धरतील आणि गाडीही चालवतील. मघाशी चहा द्यायला गेलो तेव्हा ती बाहेर कट्ट्यावर बसली होती. नदीवर दिवसाचा फिका चंद्र आला होता. ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

अक्कांनी पान तोंडात टाकलं.

“वाजव की.”

शार्दूलनं सतार मांडीवर घेतली.

खोटं कशाला बोलू, पोरगं वाजवतं छान. थोड्या वेळानं मी जाजमावर आहे असं मला वाटेचना. खाली कुरुंदवाड लहान लहान होत गेलं. दोन नद्या, मग दोन दोरे, मग तेही दिसेनात. उसाचं हिरवं गेलं. पुढं नुसता काळोख आणि गारवा, आणि त्यात एकच सूर चाललेला, एकटा, कुणी बरोबर नाही...

मग एकेक सूर विझला. शेवटच्या सुरावर शार्दूलनं तळहात तारांवर सपाट ठेवला. पुसून घेतल्यासारखं सगळं गप्प झालं.

“हात का ठेवलास?” अक्कांनी विचारलं.

“शेवट झाला, अक्का.”

“म्हणून हात?”

“मागं गुणगुण राहते. रेकॉर्डिंगवाल्यांना चालत नाही. शांतता कशी स्वच्छ पाहिजे.”

अक्का पुढं वाकल्या, सतार निरखून बघितली. त्यांनी सतारीच्या तारांखाली बोट घातलं आणि आतनं मखमलीची एक पट्टी ओढून काढली.

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सतारीला वरच्या तारांखाली आणखी बारीक तारा असतात, त्यांना तरफा म्हणतात. वाजवणारा त्यांना सहसा हात लावत नाही. वर सूर लागला की त्या आपणहून बोलतात. त्या बोलू नयेत म्हणून शार्दूलनं ती पट्टी आत खोवली होती.

“तोंडात बोळा घातलास होय रे त्यांच्या?”

“या गतीपुरताच, अक्का. अवकाशात आवाज नसतो. ताईनंच सांगितलंय मला. म्हणून खालचं सगळं मिटवलं.” त्याला स्वतःची युक्ती अजून आवडत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. “ऐकणाऱ्याला ते एकटेपण कळलं पाहिजे ना.”

“आणि तरफा लावल्यास काय? सुरात आहेत काय त्या?”

“त्या कशाला लावू? ऐकूच येणार नव्हत्या.”

अक्कांनी त्या मखमलीनं पानाचा डबा पुसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “माझी सतार दे रे त्याला.”

मी जागचा हललो नाही. अक्कांच्या सतारीला आम्ही कुणीच कधी हात लावलेला नाही. शिवायची सोयच नाही तिला.

“बहिरा झालास काय? दे म्हणते ना.”

मी ती खुंटीवरून उतरवली. खोळ काढली. शार्दूलनं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. एवढा मोठा वादक, पण त्या घडीला पहिल्या दिवशीच्या पोरासारखा दिसला.

“गत नको,” अक्का म्हणाल्या. “शेवटचा सूर तेवढा.”

त्यानं तो एकच सूर वाजवला.

अहाहा! काय लागल्या होत्या त्या तरफा! सूर वर उमटला आणि खालून सगळ्या जाग्या झाल्या. खोली भरली. उन्हातली धूळसुद्धा थबकल्यासारखी वाटली. शार्दूलचा तळहात सवयीनं तारांकडं निघाला. अक्कांनी मनगट धरलं.

सूर बारीक होत गेला. लांब... आणखी लांब...

अक्का सतारीकडं बघत नव्हत्या. आमच्या तोंडांकडं बघत होत्या.

“गेला काय?”

“गेला,” शार्दूल म्हणाला.

मला वाटलं, किंचित आहे अजून. मग मलाही वाटलं, गेला. अक्कांनी मनगट सोडलं. शार्दूल हात तारांवर टेकवणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“हात लावू नकोस. अजून आहे.”

सुनेत्राताई उंबऱ्यात उभी होती. कधी आली कळलंच नाही. डोळे मिटले होते, मान किंचित कलली होती. रोज त्या यंत्रापुढं ती अशीच बसत असणार.

शार्दूल तिच्याकडं बघत राहिला. हात तसाच वर अधांतरी. आम्ही कुणी हललो नाही. मला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं, पण श्वास घ्यायची भीती वाटत होती.

कितीतरी वेळानं ताईनं डोळे उघडले. ते भरले होते. ती आत आली आणि भावाला खेटून जाजमावर बसली. त्यानं तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

“ताई, उद्या मी शेवटी हात ठेवणार नाही,” तो म्हणाला. “तू सांगशील तोवर बसून राहीन.”

ती त्याच्याकडं बघून थोडं हसली. मग हसू मावळलं.

“अक्का, एक विचारू?” ती अक्कांकडं वळली. “सगळे म्हणतात, आता काही ऐकू यायचं नाही. मलाही आतून ते कळतं. तरी रोज सकाळी जाऊन बसते. मला वेड लागलंय का हो?”

शार्दूलच्या मांडीवरची आपली सतार अक्कांनी हळूच जवळ ओढली, त्या बारीक तारांवरून बोट फिरवलं...

“बाळ, या तरफा मला ऐकू येईनाशा होऊन वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी लावते.”