काचपेटीतले काका

रानाच्या काठाला एक घर होते. त्या घरात एक काचपेटी होती आणि त्या काचपेटीत दोन हिरवे झाडबेडूक राहत असत. एक ताई, एक धाकटा. दोघेही अंगठ्याएवढे. रानातला जीव रानात बरा, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण घरधन्याला हौस होती आणि हौसेपुढे कोणाचे काही चालत नाही. तो रोज पाणी शिंपडी, नाकतोडे सोडी. पेटीवर जाळीचे झाकण होते आणि त्या झाकणावर दिव्याचे किडे टिपायला एक पाल येऊन बसे. पाल फटकळ होती. पण खोटे बोलत नसे.

एके दिवशी घरधन्याने बाजारातून एक तिसरा बेडूक आणला. तोही झाडबेडूकच, पण कुठल्या दूरच्या रानातला, चांगला मुठीएवढा. बायको म्हणाली, "अहो, ह्याला वेगळं ठेवा की!" घरधनी म्हणाला, "कशाला? हाही बेडूक, तेही बेडूक. सोबत होईल एकमेकांना." झाले. ठेवला उचलून आत.

नवा बेडूक स्वभावाने गोड होता, बरं का. उगाच कोणाला वाईट म्हणू नये. "बाळांनो, भिऊ नका," तो म्हणाला, "मला काका म्हणा." ताईने लगेच म्हटले. ती त्याच्या पाठीला टेकून बसू लागली. धाकटा मात्र काकांना जेवताना बघत होता. नाकतोडा हलला की काकांचे तोंड उघडे, आणि गिळताना त्यांचे दोन्ही डोळे डोक्यात आत बुडत. धाकटाही असाच गिळत असे, सगळेच बेडूक गिळतात. पण ते डोळे बुडताना पाहिले की तो काचेवर दोन बोटे वर सरके.

वरून पाल चुकचुकली. "काय रे धाकट्या, काकांचं तोंड मापून बघितलंस का?"

"गप गं! काका चांगले आहेत," ताईच ओरडली.

"मी कुठं वाईट म्हणते? मी तोंडाचं बोलतेय. तू आणि नाकतोडा, दोघं एकाच मापाचे."

पुढे घरधनी बायकोला घेऊन भाचीच्या लग्नाला गेला. जाताना भरपूर नाकतोडे टाकून गेला, ते सगळे काकांनी पहिल्याच दिवशी संपवले. मग पेटीत हलणारे काही उरले नाही. काका कोपऱ्यात बसून राहिले. बोलणे कमी झाले. त्यांचा गळा तेवढा धडधडत होता. धाकटा काचेला चिकटून वर गेला आणि ताईला हळूच म्हणाला, "ताई, वर ये. त्यांच्यापुढं हलू नकोस."

"वेडा आहेस तू. काका माझं डोकं कुरवाळतात." असे म्हणून ताई काकांकडे जायला निघाली. एकच उडी. हवेत काहीतरी गुलाबी चमकले, थप्प असा आवाज झाला, आणि काकांचे डोळे आत बुडाले. बाहेर आले. परत बुडाले.

ताई कुठेच नव्हती.

"मी मुद्दाम नाही रे केलं," काका रडवेले होऊन म्हणाले. "मला ती दिसलीच नाही. काहीतरी हललं, एवढंच दिसलं. तोंड आपोआप उघडलं. तू खाली ये धाकट्या, मला फार एकटं वाटतंय." ते मनापासून म्हणत होते, आणि धाकट्याला त्याचीच जास्त भीती वाटली. एखादा लबाड असता तर त्याने निदान कधीतरी पोट भरल्यावर सोडून दिले असते. ह्या मायेला काय सांगायचे?

धाकटा हलला नाही. अंग कोरडे पडत चालले, खाली पाण्याची वाटी दिसत होती, तरी हलला नाही. बोटांच्या चकत्या काचेवरून सुटू लागल्या. तो केसभर खाली घसरला, आणि खाली काकांची मान केसभर वर झाली. "तूच का रे तो?" काकांनी विचारले. उत्तर द्यायचे तर गळा हलवावा लागतो. 

एवढ्यात अंगणात चपला वाजल्या. घरधनी आला. आल्या आल्या पाण्याचा तांब्या घेऊन त्याने पेटीचे झाकण खसकन उचलले. झाकणावर पाल डुलक्या घेत होती. ती दचकली, पळाली, आणि तिची शेपटी गळून सरळ पेटीत पडली. शेपटी काय वळवळली म्हणता! काकांनी झेप घातली. तोंड मिटले, डोळे बुडाले, आणि ते बुडालेले असतानाच धाकट्याने जिवाच्या आकांताने उडी मारली. पेटीबाहेर, खिडकीच्या गजावर, तिथून ओल्या अळवाच्या पानावर.

खिडकीच्या चौकटीत बांडी पाल धापा टाकत होती. "माझी शेपटी परत उगवेल," ती म्हणाली. "तुझी ताई नाही उगवायची. पळ!"

आत घरधनी पेटीत डोके घालून बसला होता. "एक तर पळाला. अगं, पण दुसरा कुठं गेला?" बायकोने काकांच्या टम्म पोटाकडे पाहिले. "मी काय म्हणाले होते? हाही बेडूक, तेही बेडूक! आता बसा सोबत मोजत." घरधन्याने झाकण लावले. काचेच्या आत काका एकटेच बसले होते आणि रिकाम्या काचेला विचारत होते, "धाकट्या, आहेस ना रे?"

तात्पर्य : ज्याच्या तोंडात आपण मावतो, त्याच्या मायेवर विसंबू नये, आणि जिवांना एकत्र ठेवणाऱ्याने नाव एक आहे का हे बघण्याआधी तोंडाचे माप बघावे.