कात्री न लागलेला खुंट

निंबगावच्या गुलाब मंडळाच्या बागेत शिरलं की फाटकाच्या उजव्या हाताला एक दांडगं, काटेरी झुडूप दिसतं. बाकीचे वाफे इतके आखीव, की गुलाबांना रांगेत उभं राहायची शिक्षा झाली असावी. हे झुडूप मात्र वाटेल तसं पसरलेलं. पाहुणे त्याबद्दल विचारतात, आणि मंडळाचे जुने चिटणीस, टिपणीस नावाचे गृहस्थ, घसा साफ करून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, रेल्वेतून निवृत्त झालेले खोपकर मंडळाचे सभासद झाले. गुलाबातलं त्यांना काही कळत नव्हतं. मंडळात ही गोष्ट दुर्मीळ नव्हती, पण खोपकर ती कबूल करत. त्यांची पत्नी कुमुदिनीबाई त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारली होती. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला होता अंगणातला तिचा लाल गुलाब.

दसऱ्यानंतर मंडळाने त्यांना छाटणी शिकवली. घरी येऊन ते कात्री घेऊन झाडासमोर उभे राहिले, पण तिने वाढवलेली फांदी कापायला हात काही धजेना. झाड तसंच राहिलं. हिवाळ्यात लाल गुलाब शेंड्याकडून काळा पडत वाळला, आणि बुडातून हिरवेगार फुटवे आले. खोपकरांना वाटलं, झाड सावरलं. घरात बोलायला दुसरं कुणी नसल्यामुळे ते त्या फुटव्यांशीच बोलत.

खरं तर ते फुटवे त्या गुलाबाचे नव्हतेच. कलमी गुलाब म्हणजे खाली रानटी खुंट आणि त्यावर बांधलेला चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब. खुंट फुटू लागला की तो फुटवा लगेच उपटायचा, हा मंडळाचा पहिला नियम. खोपकर दर सभेला त्याचं एक पान आणून विचारत, "कळी कधी धरेल?" सभासद पानाकडे बघत, मग एकमेकांकडे बघत, आणि म्हणत, "धरेल की. तब्येत छान आहे." खरं सांगायचं काम प्रत्येकाने मनातल्या मनात दुसऱ्यावर सोपवलं होतं. सभा संपली की सगळे गप्पा मारत घरी जात. खोपकर पान खिशात ठेवून एकटेच निघत.

चैत्रात फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची, रुपयाएवढी. खोपकर ती घेऊन अध्यक्ष बर्वे वकिलांकडे गेले. बर्वे फटकळ म्हणून प्रसिद्ध होते, तरी त्या दिवशी त्यांनी आधी पाणी मागवलं, असं सांगतात.

"खोपकर, वहिनींचा गुलाब गेला. हा खालचा खुंट आहे. आम्हाला ठाऊक होतं, कुणी बोललो नाही."

खोपकरांनी फुलं टेबलावर नीट मांडून ठेवली. मग म्हणाले, "लाल डोळा नर्सरीतल्या माळ्याने बांधला होता, वकीलसाहेब. खालची काडी तिच्या माहेरच्या कुंपणाची. लग्नाच्या वर्षी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती तिने. म्हणजे गेला तो माळ्याचा गुलाब. तिचं होतं ते हेच."

बर्व्यांनी पुढे केलेलं पाणी खोपकर प्यायले.

"माझ्यामागे पुतण्या घर विकणार. झुडूप तोडतील. तुमच्या बागेत याला जागा द्या."

"गुलाब मंडळाच्या बागेत खुंट? लोक हसतील हो."

"हसू देत. हसायला तरी येतील. हे फुललं तेव्हा बघायला मी सोडून कुणी नव्हतं."

तेव्हा बर्व्यांनी शब्द दिला, म्हणे, की याला कात्री लागणार नाही, आणि फुलेल तेव्हा हे एकटं राहणार नाही. मंडळाने ठराव एकमताने मंजूर केला, कारण विरोध करणारे दोघे गावाला गेले होते. पावसाळ्यात खोपकरांनी स्वतःच्या हाताने फाटकाशी त्या झुडपाची काडी लावली. ती फुलली तेव्हा ते नव्हते.

आजही दसऱ्यानंतर सगळी बाग छाटली जाते, हे झुडूप तेवढं सोडून. हिवाळी प्रदर्शनातल्या बक्षिसाची ढाल कपाटात गेल्यावर, बागेत चिटपाखरूही नसतं अशा चैत्रात, ते फुलतं. फुलं असेपर्यंत रोज संध्याकाळी एक सभासद पाळीने येऊन तिथे खुर्ची टाकून बसतो. करायचं काहीच नसतं, नुसतं बसायचं. घरी कुणी वाट बघणारं नाही, असेच लोक पाळी मागून घेतात, असा अनुभव आहे. यंदाच्या बहुतेक पाळ्या टिपणिसांनी घेतल्या.