नागाचे टाके काढणारी गोजराबाई

आमच्या बोरजाईला सडक नव्हती आणि माझ्या पणजोबांच्या दुकानाला दारही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. दाराशिवाय दुकान कसं चालायचं, असं गिऱ्हाईक मला विचारतं. मी म्हणतो, चोरायला आत माल तर हवा. असो.

त्या काळी पंचमीला गावात जिवंत नागांचा खेळ व्हायचा. बरेच दिवस आधी गल्लीगल्लीतले गडी रानातून नाग धरून आणायचे, मडक्यात कोंडायचे आणि वर फडकं बांधायचे. डसू नये म्हणून तोंड दोऱ्यानं शिवायचे, मधे एवढीशी फट ठेवून. खाणं नाही, पाणी नाही. मग पंचमीला ढोल लावून मिरवणूक काढायची आणि नागापुढे दुधाची वाटी धरायची. ज्या गल्लीचा नाग जास्त दूध पिईल, तिला मानाचा नारळ. म्हणजे नाग जितका तहानलेला, तितका गल्लीचा मान मोठा. हे गणित कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण येत सगळ्यांना होतं.

ही मडकी घडवायची गोजराबाई कुंभारीण. नवऱ्यामागे मडकी भाजायचा आवा तिनंच चालवला. एका वर्षी पंचमीच्या आदल्या सकाळी पाटलांच्या घरचं मडकं तडकलं, म्हणून ती दुसरं घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली. नाग या मडक्यातून त्या मडक्यात घालताना तिनं त्याचं तोंड पाहिलं. टाक्यांभोवती सूज आली होती आणि तो तोंड काठावर घासत होता. असं म्हणतात, त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गोजराबाईच्या घशाला कोरड पडली.

"पाटील, ह्याला सोडा," ती म्हणाली.

धर्माजी पाटील हसले. "आगं, देव हाय त्यो. उद्या मिरवायचाय त्याला."

"मग देवाचं तोंड कशापायी शिवलंय? गाऱ्हाणं घालंल म्हणून?"

ओसरीवरचे दोघंतिघं हसले. पाटलांना ते लागलं. "एवढा पुळका आलाय, तर उद्या चारचौघांत तूच टाके काढ. डसला तर गावाला बोल लावायचा न्हाई."

"न्हाई लावत. पर न्हाई डसला, तर गावातले समदे नाग सोडायचे."

"सोडू की," पाटील म्हणाले. त्यांना वाटलं, उद्यापर्यंत बाई शहाणी होईल.

पण दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या मैदानात बाई आली. कोपरापर्यंत हात ओल्या मातीनं माखलेले. नागापुढे बसली, एक वाटी दुधाची ठेवली, एक पाण्याची. ढोल थांबले. तिची सून पदर तोंडात धरून उभी होती. गोजराबाईनं नखानं गाठ सोडवली आणि दोरा हळूहळू ओढून काढला. तोंड मोकळं झालं तसा नागानं तिच्या तोंडासमोर फणा उभा केला. ती हलली नाही.

"पी बाबा," एवढंच म्हणाली.

नागानं फणा उतरवला, दुधाच्या वाटीला वळसा घातला आणि पाण्यावर तोंड टेकलं. कितीतरी वेळ पीत राहिला. दूध तसंच राहिलं. इतकी वर्षं ज्याला हात जोडले ती नुसती तहान होती, हे बघून म्हातारी माणसं जमिनीकडे बघू लागली.

पाणी संपल्यावर, असं म्हणतात, नागानं असा फणा काढला की मैदानभर सावली पडली. त्या सावलीत गावातली सगळी मडकी आपोआप फुटली, बाकीच्या नागांचे टाके सुटले आणि ते माणसांच्या पायांमधून रानाकडे निघून गेले. एकही कुणाला डसला नाही. मी व्यापारी माणूस, ऐकीव मालात थोडी तूट धरतो. फणा मैदानाएवढा नसेल, चिंचेच्या झाडाएवढा असेल. पण पाण्याच्या वाटीतला एक थेंब कमी करायला मी तयार नाही.

पाटलांनीही शब्द पाळला, गेलेला एकही नाग पुन्हा धरू दिला नाही. मानाचा नारळ त्यांनी स्वतः गोजराबाईच्या हातात दिला.

मागच्या जत्रेत एक तंबूवाला आला होता. अजगर आणला होता, गळ्यात घालून फोटो काढायचे म्हणे. माझ्या दुकानापुढची मोकळी जागा मागत होता. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "गोजराबाईंना विचारा."

"कुठं भेटतील?"

"गावात कुणालाही विचारा."

त्यानं चार घरी विचारलं, चारही घरी हीच गोष्ट ऐकली आणि पाचव्या घरी न जाता तंबू गुंडाळला.

आजही पंचमीला आमच्याकडे घरोघर कुंभारवाड्यातल्या मातीचा नाग करतात. शेवटी घरातली थोरली बाई काडीनं त्याचं तोंड उघडते आणि पुढं पाण्याची वाटी ठेवते. त्याशिवाय पूजा सुरू होत नाही. वाचलेल्या दुधाचा सगळ्या गावाला चहा होतो.