एका चालीची मोटार

“राजवाड्यापासून देवीच्या पायरीपर्यंत मोटारीची चाल एकच राहिली पाहिजे. ती वाढता कामा नये आणि घटताही कामा नये!” उंबरगडच्या उदयभान महाराजांनी भर दरबारात फर्मावले, आणि सगुणाच्या मुठीतली किल्ली एकाएकी जड झाली.

सगुणा ही महाराजांची सारथी. तिचा बाप हरबा भोई हा राजपालखीचा पुढचा खांदा होता. पुढे पालखी तबेल्याच्या आढ्याला टांगली गेली, दारी मोटार आली, आणि महाराजांना वाहून नेण्याचे काम बापाच्या खांद्यावरून लेकीच्या हाती आले.

महाराजांचा हा हट्ट शेजारच्या राज्यातून आला होता. तिथली भूमी पोळपाटासारखी सपाट. तिथल्या राजाने मोठ्या कौतुकाने आपल्या मोटारीतले क्रूझ कंट्रोल दाखवले. गती ठरवून एकदा बटण दाबले, की पाय उचलून स्वस्थ बसावे. मोटार तीच चाल धरून धावते. अंगाला हिसका बसला नाही, पेट्रोलही कमी लागले. महाराज हरखले, आणि तसेच बटण असलेली मोटार उंबरगडात दाखल झाली. उंबरगडात सपाट म्हणावी अशी जागा एकच होती, ती म्हणजे दरबाराची फरशी. पण हे बोलून दाखवणे कोणाही दरबाऱ्याला शिष्टसंमत वाटले नाही.

आदल्याच दिवशी देवीच्या घाटात पहिली फेरी झाली होती. चढण लागताच ठरलेली गती राखण्यासाठी यंत्राने असा जोर लावला, की मोटार डरकाळ्या फोडू लागली आणि पेट्रोलचा काटा झरझर उतरला. वळणावर सगुणाने ब्रेक दाबला मात्र, महाराजांच्या पेल्यातले ताक दिवाण त्र्यंबकपंतांच्या पगडीवर!

“यंत्र निर्दोष आहे, सरकार,” पगडी बदलून आलेले त्र्यंबकपंत म्हणाले. “दोष हिच्या पायाचा!”

“तर मग उद्या हिचा पाय पेडलला शिवायचा नाही!” महाराज म्हणाले. “चाल एक, पेट्रोल कालच्यापेक्षा कमी, आणि ताकाचा थेंब सांडायचा नाही. चुकलीस सगुणे, तर किल्ली ठेवायची आणि सरकारी घरही सोडायचं!”

“आणि जमलं तर, महाराज?”

उत्तर दिवाणजींनीच दिले. “जमलं तर मोटार आपली आपण चालते हे सिद्धच झालं! मग सारथी हवी कशाला?”

दरबाराने माना डोलावल्या. युक्तिवाद बिनचूक होता. त्याच्या दोन्ही टोकांना सगुणाचेच घर जात होते.

सगुणा पदर खोचून म्हणाली, “महाराज, चाल कोणती धरायची, ते तरी मी ठरवू?”

“ठरव की! पण एकदा ठरली की मोडायची नाही.”

घरी येताच तिने बापाला एवढेच विचारले, “बाबा, उद्या आपले बैल मोकळे आहेत ना?”

सकाळी महाराज ताकाचा पेला घेऊन मोटारीत बसले. पुढे पाहतात तो काय, मोटारीला दोरखंडाने बैलजोडी जुंपलेली!

“हे काय आहे?”

“बैल आहेत, महाराज.”

“ते दिसतंय मला!”

“सरकार, ही उघड थट्टा आहे!” दिवाणजी कडाडले.

“थट्टा कशी, दिवाणजी? चाल एक आहे. पेडलला पाय नाही. हे बघा, मांडी घालूनच बसलेय!” आणि खरोखरच सगुणा मांडी घालून, स्टिअरिंग धरून बसली होती.

महाराजांनी मिशी चावली. अटी त्यांच्याच होत्या. “चल!” ते म्हणाले.

मोटार निघाली. वाट चढणीची. हरबा बैलांच्या पुढे चालत जुन्या सवयीने हाका देत होता, “वळण आलं! उजवीकडे दगड! आता चढ, जोर धरा!” काठी टेकत देवीला निघालेल्या एका म्हातारीने मोटारीला मागे टाकताना मुजरा केला, आणि दर्शन घेऊन परतताना पुन्हा केला. महाराजांना मध्येच छान डुलकीही लागली.

ऊन डोक्यावर आले तेव्हा देवीची पायरी आली.

“चाल बदलली, महाराज?” सगुणाने विचारले.

“नाही.”

“पेट्रोल?”

“जागचं हललं नाही!”

“ताक?”

महाराजांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. “सांडलं नाही. आंबलंय मात्र!”

“सरकार, सकाळची आरती चुकली!” दिवाणजी कळवळले.

“आरतीची अट नव्हती, दिवाणजी,” सगुणा नम्रपणे म्हणाली.

महाराजांच्या ओठांशी हसू आले होते; पण ते आवरून त्यांनी विचारले, “म्हणजे ते बटण निकामीच म्हणायचं?”

“छे, महाराज! बटण म्हणजे पालखीचा मागचा भोई. पाय बळकट, चाल पक्की. सपाटीवर त्याच्यावर भार टाकून खुशाल निवांत बसावं. दमही कमी लागतो, हिसकाही बसत नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे पालखी असते, रस्ता नसतो. म्हणून घाटात पुढच्या भोयाने हाक द्यावी लागते. आपण मागच्याला पालखी दिलीत, आणि पुढच्याचे पाय बांधलेत!”

महाराज असे खदखदून हसले, की इतका वेळ जपलेले ताक अखेर त्यांच्याच शेल्यावर सांडले. त्यांनी हातातले सोन्याचे कडे उतरवून सगुणाच्या ओंजळीत टाकले. “उंबरगडचा पुढचा खांदा तुझा! किल्ली तुझी, घर तुझं. आता पाय खाली सोड आणि मला मोटारीने परत ने!”

मग ते दिवाणजींकडे वळले. “त्र्यंबकपंत, तुम्ही बैल घेऊन या. चाल तुम्हीच ठरवा. पण एकदा ठरली की मोडायची नाही बरं!”