पळीचा मानकरी

“आणि पळी गुंडाप्पाच्या हातात? अप्पा, त्या खादाडाच्या?” विरूपाक्षानं विचारलं.

चेन्नवीर अप्पांनी मान वर केली नाही. ते पत्रावळीला काड्या टोचत होते.

“हो,” ते म्हणाले. “पाडव्यापासून.”

या मठात गादीपेक्षा पळी मोठी. येईल त्याला पोटभर जेवू घालायचं, ही इथली रीत. पितळेची ती पळी अप्पांची. वाढप्यानं सकाळी मागून घ्यायची, संध्याकाळी परत आणून द्यायची. ज्याच्याकडून अप्पा ती परत घेणार नाहीत, तो पुढचा अप्पा.

नऊ वर्षं विरूपाक्ष ती रोज परत करत आला होता.

आणि हा गुंडाप्पा! आला दोन वर्षांपूर्वी. पोट पुढे, हसू त्याच्याही पुढे. ना पाठांतर, ना उपास. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला की विरूपाक्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मत्सराला दुसरं गोड नाव देता येत नाही. विरूपाक्ष मात्र त्याला ‘मठाची काळजी’ म्हणायचा.

“मी दिवसाला अर्धी भाकरी खातो,” विरूपाक्ष म्हणाला. “सोमवारी तीही नाही. हुग्गीचा, त्या गव्हाच्या गोड खिरीचा, थेंब जिभेला लावलेला नाही नऊ वर्षांत.”

“माहीत आहे.”

“आणि तो? काल पाच भाकऱ्या खाल्ल्या त्यानं. वर तीन पळ्या हुग्गी. पहिली भाकरी आमटीत कुस्करून, दुसरी शेंगदाण्याच्या चटणीशी, तिसरीवर तूप...”

“तू काय खाल्लंस काल?”

“मी...”

विरूपाक्षाला आठवेना.

अप्पांनी काडी मोडली.

“चैत्र लागेल आठ दिवसांत. दगड तापलेत बाहेर. अंगावर घोंगडी कशाला?”

“थंडी वाजते.”

“केस का गळतायत?”

“देहाचं काय एवढं, अप्पा! जीभ जिंकली की देह असाच सुटत जातो.”

“जीभ जिंकलीस?”

“जिंकली.”

“मग स्वयंपाकघरात गूळ फुटला, की गोठ्यात असतानाही तुला वास कसा येतो?”

विरूपाक्षानं घोंगडी आणखी ओढून घेतली.

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं.

“गुंडाप्पाला पाच भाकऱ्या वाढल्या कुणी?” अप्पांनी विचारलं.

“मीच. पंगतीला आग्रह करावाच लागतो.”

“बाकीच्यांना दोन. त्याला पाच. हा कसला आग्रह?”

विरूपाक्षाचा चेहरा उतरला. पानात घास टाकायचा नाही, हा मठाचा नियम. पडलं ते संपवायचंच. पुरे झालं तर जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरायचा. विरूपाक्ष गुंडाप्पाला वाढायचा आणि वाढतच राहायचा. अप्पांनी बघावं, म्हणून. एकदा तरी त्यांच्या तोंडून ‘काय रे हा अधाशी’ एवढं निघावं, म्हणून.

“त्यानं हात आडवा धरायचा,” तो पुटपुटला. “मी काय त्याच्या नरड्यात कोंबत होतो?”

“मीही तेच विचारलं त्याला.”

“मग?”

“गेल्या सोमवारी पोट धरून माझ्याकडे आला होता. ओवा दिला. म्हटलं, लेका, हात का धरत नाहीस? तर म्हणाला, ‘अप्पा, विरूपाक्षदादा वाढून झालं तरी हलत नाही. माझ्या घासाकडे बघत उभा राहतो. मी गिळलं की तो पण गिळतो. त्याला फार भूक लागलीय हो. तो बघतो तोवर मी जेवतो.’”

...

विरूपाक्षाला आधी लाज वाटली. मग, खरं सांगायचं तर, लाजेच्या वर चढून पुन्हा तीच आग आली. यातही तोच मोठा! पोट दुखवून घ्यायचं, आणि वर दयाही आपणच करायची!

“मला कुणाची दया नको,” तो म्हणाला. आवाज फाटला.

“बस.”

“अप्पा...”

“खाली बस.”

अप्पांनी हातातली पत्रावळ त्याच्यासमोर ठेवली. स्वतः उठले. गुडघे कुरकुरले. दुपारच्या पंगतीची हुग्गी पातेल्यात उरली होती, कोमट, गुळानं तांबूस झालेली. त्यांनी पळी भरली.

पळी पानावर आली, आणि विरूपाक्षाचा हात सवयीनं आडवा झाला.

अप्पा थांबले नाहीत.

त्यांनी पळी त्याच्या हातावर ओतली.

हुग्गी बोटांच्या फटींतून पानावर ओघळली, मनगटाकडे वळली. विरूपाक्ष बघतच राहिला.

“अन्न सांडलं, अप्पा.”

“नियम काय आहे?”

“टाकायचं नाही.”

“सगळ्यांना तूच सांगतोस ना?”

विरूपाक्षानं हात तोंडाशी नेला. पहिल्यांदा चाटला तो नियमासाठी. दुसऱ्यांदा कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनगट चाटलं, बोटं चाटली, पान पुसून खाल्लं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेही हुग्गीबरोबर गेलं पोटात.

अप्पांनी दुसरी पळी घातली. हात आडवा आला नाही.

तिसरी घालण्याआधी ते थांबले.

“पुरे?”

विरूपाक्षानं पोटाकडे पाहिलं. परक्या गावात रस्ता न कळून कुणी अडावं, तसा तो स्वतःशीच अडला होता.

“कळत नाही, अप्पा.”

“नऊ वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास.”

इतक्यात दारात गुंडाप्पा आला. घासलेल्या पातेल्यांची चळत हातात. त्यानं पान पाहिलं, विरूपाक्षाचं भरलेलं तोंड पाहिलं. पातेली हळूच, आवाज न करता, खाली ठेवली आणि निघून गेला.

विरूपाक्ष त्याच्या पाठीकडे बघत राहिला. जळणं थांबलं नव्हतं. पण आज त्याला ते दिसलं, आणि ‘मठाची काळजी’ न म्हणता जळणंच म्हणावं लागलं.

“पळी त्याच्याकडेच?” त्यानं विचारलं.

“त्याच्याकडेच.”

“मग माझं काय काम उरलं मठात?”

“आहे ना. उद्या पंगतीच्या आधी एक पान मांड.”

“कुणाचं, अप्पा?”

अप्पांनी रिकामी पळी पातेल्यात ठेवली.

“ज्याला तू नऊ वर्षांत एकदाही पोटभर वाढलं नाहीस, त्याचं.”