पुराला दिलेलं शेत

"तुम्ही मला अडवलं का नाही, बाबा?"

मुबारकबाबा गाळात रुतलेली चूल हातांनी मोकळी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

लीलाधर भारंबे समोर उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले.

"तुमचा एक शब्द पुरला असता. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो?"

बाबा गाळ काढत राहिले...

सातपुड्याच्या पायथ्याशी, नाल्याच्या वळणावर तडवी भिल्लांची वस्ती आहे. बाबा तिथले फकीर. लीलाधर गावातला केळीचा बागायतदार. बायको गेली त्या वर्षापासून तो दर गुरुवारी बाबांकडे येऊन बसायचा. काही विचारायचा, बरंचसं ऐकायचा.

त्यानं एक मोठं काम केलं होतं. श्रावणात डोंगरातून उतरणारा नाला दरवर्षी फुटायचा आणि काठची शेतं धुऊन न्यायचा. लीलाधरनं आपल्या वरच्या शेताजवळ नाल्याचा काठ फोडला आणि पूर आत घेतला. मातीखाली गोटे आणि वाळू होती. तिथवर खोल खड्डे खणून त्यानं ते दगडांनी भरले. पूर शेतभर पसरायचा, त्याचा जोर मोडायचा, आणि मग पाणी सावकाश जमिनीत मुरायचं.

त्या शेतातलं पीक कुजायचं. पण खालचं सगळं वाचायचं, आणि उन्हाळ्यात शिवारातल्या विहिरींना पाणी असायचं.

गावानं त्याला शाल दिली. पुढच्या वर्षी नुसत्या टाळ्या वाजवल्या. मग ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

आणि खालच्या शेतातल्या वसंत अत्तरदेनं लीलाधरच्या बांधाला लागून खोल बोअर मारली. त्या मे महिन्यात अत्तरदेची केळी हिरवीगार होती. लीलाधरची विहीर कोरडी पडली, बाग उभी करपली.

तेव्हा तो पेटून बाबांकडे आला होता.

"खड्डे बुजवतो, बाबा. काठही बांधून टाकतो. पीक माझं कुजतं आणि पाणी तो ओढतो."

"पूर कुठं जाईल?" बाबांनी विचारलं होतं.

"खाली. अत्तरदेकडं."

"आणि त्याच्या खाली?"

लीलाधर हसला होता. वाईट हसला होता.

"खाली तुमची माणसं आहेत. म्हणून विचारताय."

बाबा उठले. आत गेले, कोपऱ्यातलं फावडं आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

लीलाधरनं ते घेतलं. मुरूम टाकून खड्डे बुजवले, काठ बांधून काढला.

श्रावणात पूर आला. भरदुपारी आला. अत्तरदेनं आपल्या शेताला आधीच दगडी भिंत घातली होती; त्याचं केळीचं एक पानसुद्धा हललं नाही. सगळं पाणी भिंतीवरून वळलं आणि वस्तीत घुसलं.

बाबा बाजारात गेले होते. घरात त्यांची बहीण होती. जैनबबी. तिला दिसत नव्हतं. लीलाधर आला की ती त्याच्यापुढं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवायची, आणि तो पोटभर जेवला की नाही ते ताट हातानं चाचपून बघायची.

माणसं ओरडली, पळाली. ती दार शोधत राहिली... घराची भिंत तिच्यासकट गेली.

लीलाधर मातीला आला होता. लांब उभा राहून निघून गेला होता. आज आठव्या दिवशी तो बाबांसमोर आला होता.

चूल मोकळी झाली. ती मधोमध तडकली होती. बाबांनी ती तशीच बाजूला ठेवली.

"तू म्हणालास, तुमची माणसं आहेत म्हणून विचारताय. त्यानंतर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली होती?"

"मी रागात होतो."

"हो."

"तुम्ही थांब म्हणाला असता तर मी थांबलो असतो."

"थांबला असतास. यंदापुरता."

लीलाधर चिखलातच बसला.  मग हात जोडून म्हणाला,

"माफ केलं म्हणा, बाबा."

"मला ती भाऊ म्हणायची. तुला बेटा म्हणायची. माफी मी कशी देऊ? तुझंच माणूस गेलंय."

लीलाधर रडू लागला. बाबांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही...

नाल्यात आता घोट्याएवढं गढूळ पाणी वाहत होतं. पलीकडं अत्तरदेचा पंप चालू झाला. त्याचा आवाज वस्तीपर्यंत येत होता. दोघांनीही तो ऐकला.

लीलाधरनं तोंड पुसलं.

"काठ मी परत फोडलाय. खड्ड्यांतला मुरूम उपसतोय, कालपासून एकटाच. पुढच्या श्रावणात पूर माझ्या शेतात येईल. दरवर्षी येईल. पीक कुजू दे, अत्तरदे कितीही उपसू दे. मी जिवंत आहे तोवर ते शेत पुराचं."

बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

"हे मला का सांगतोस?"

लीलाधर गोंधळला.

"तुम्हाला... तुम्हाला ठाऊक असावं म्हणून."

बाबा उठले. हातांचा गाळ झटकला.

"कुणाला ठाऊक असावं म्हणून उपसतोस, तर तू अजून बुजवतोच आहेस, लीलाधर."