‘मान!’ म्हटले की थांबायचे

आफ्रिका खंडाच्या पार दक्षिण टोकाला, हिरव्या टेकड्यांमधल्या एका गावात एक आडदांड मुलगा राहत होता. त्याचे नाव लुवुयो. शाळेच्या बाकावर तो मावत नसे. मुले ओरडायची, “ए पाणघोड्या, सरक जरा! फळा दिसत नाहीये!” लुवुयो हसून कोपऱ्यात अंग चोरून बसे.

पण मैदानावर मात्र तो अंग चोरत नसे. त्या गावाला रग्बीचे वेड होते. रग्बीत एक डाव असतो, त्याला स्क्रम म्हणतात. दोन्ही संघांचे गडी वाकतात, एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवतात, समोरच्यांच्या डोक्यांमध्ये डोकी घुसवतात आणि जीव खाऊन रेटा लावतात. मधे चेंडू टाकलेला असतो. ज्यांचा रेटा भारी, त्यांचा चेंडू. सगळ्यात पुढे तिघे असतात. त्यातल्या मधल्याचे दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर गुंतलेले असतात. पडला तर टेकायला त्याच्याकडे हातच नसतो. त्याची मान शेजारच्या दोघांच्या भरवशावर. लुवुयो त्या दोघांपैकी एक होता.

शाळेत खेळ शिकवायला एक म्हातारे गृहस्थ येत. तिकडे वडीलधाऱ्यांना ‘ताता’ म्हणतात, आपल्याकडच्या तात्यांसारखेच. या तातांची मान वळत नसे. कुणी हाक मारली की ते अख्खे अंग फिरवून बघत. तरुणपणी एका स्क्रममध्ये ते खाली दबले होते. जिवाच्या आकांताने ओरडले होते. समोरचे थांबले नव्हते.

म्हणून तातांनी पोरांना पहिल्याच दिवशी बजावले, “‘मान!’ अशी हाक कानावर आली की रेटा सोडायचा, हा रग्बीचा सगळीकडचा नियम. जिथे असाल तिथे, जसे असाल तसे. आणि ज्याला ऐकू आली त्याने तीच हाक मोठ्याने द्यायची.”

“पण ताता, कुणी खोटेच ओरडले तर?” लुवुयोने विचारले.

ताता हळूहळू अख्खे त्याच्याकडे वळले. “खरे की खोटे, ते कळायला मान वर करून बघावे लागते. स्क्रममध्ये बघता येते का रे तुला?”

लुवुयोने नकारार्थी मान हलवली आणि थांबण्याचा शब्द दिला.

पुढे शहरातल्या एका मोठ्या शाळेने त्याचा खेळ पाहून त्याला बोलावून घेतले. तिथे भाषा वेगळी, जेवण वेगळे. पहिल्या थंडीत तो घरच्या आठवणीने झुरला, पण पहाटेचा सराव त्याने चुकवला नाही. शाळेच्या संघातून तो जिल्ह्याच्या संघात गेला, जिल्ह्यातून प्रांताच्या तरुणांच्या संघात. आणि अखेर ज्या दिवसाची गावाने वाट पाहिली होती, तो दिवस उगवला. एका नावाजलेल्या व्यावसायिक संघात पुढच्या फळीतली एक जागा रिकामी झाली होती. ती कुणाला द्यायची, हे ठरवायला निवडीचा सामना ठेवला होता.

जागा एक आणि दावेदार दोघे. लुवुयोच्या समोर, विरुद्ध संघात, हेनिंग नावाचा मेंढपाळाचा मुलगा होता. खांदे तसेच रुंद, भूकही तशीच. दोघांनाही ठाऊक होते, आज हुकले तर परत मेंढ्या आणि टेकड्या.

सामना अटीतटीचा झाला. मध्यंतरानंतरच्या एका स्क्रममध्ये लुवुयोचा रेटा भारी पडू लागला. तेवढ्यात त्याच्या कानाशी हेनिंगचा घुसमटलेला आवाज आला, “मान!”

लुवुयोने झटकन रेटा सोडला. तो तीच हाक मोठ्याने देणार, तोच हेनिंगचा संघ उसळून पुढे आला आणि चेंडू घेऊन पळाला. गुण त्यांचा झाला. हेनिंगने जाता जाता डोळा मारला. “काय मित्रा, माझ्या मानेची फार काळजी तुला!”

लुवुयोचे सोबती त्याच्यावर तुटून पडले. “अरे, तुला कळत नाही का? बनवले त्याने तुला! आता परत सोडलास ना, तर आमच्याशी गाठ आहे!”

शेवटचा स्क्रम आला. हेनिंगच्या संघाची रेषा अगदी समोर होती; चेंडू तिच्या पार नेला की गुण. एक दणदणीत रेटा, की सामना खिशात. कठड्याला टेकून त्या नावाजलेल्या संघाचे प्रशिक्षक बघत होते, आणि त्यांच्या शेजारी संघाचा कप्तान. त्या संघाच्या स्क्रममध्ये पुढच्या तिघांतला मधला गडी हाच. वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्याचे कान चुरगळलेल्या पुऱ्यांसारखे झाले होते.

डोकी भिडली. लुवुयोने पाय रोवले. हेनिंग मागे सरकू लागला. आणखी थोडे. रेषा बुटाच्या टोकाशी आली. लुवुयोच्या डोळ्यांसमोर फक्त गवत होते, आणि कानाशी एक दबका शब्द.

“मान!”

खोटे आहे, त्याच्या मनाने सांगितले. मघासारखेच खोटे. रेट! मागून सगळे ओरडत होते, “रेट, लुवुयो, रेट!” पण खोटेच असेल असे गवताकडे बघून कसे कळणार? त्याला तातांचे ते सावकाश वळणे आठवले.

“मान!” लुवुयो गर्जला. “सोडा! सगळे सोडा!”

रेटा सुटला. चेंडू निसटला, हेनिंगच्या सोबत्यांनी तो लाथाडून मैदानाबाहेर घालवला आणि सामना संपला. लुवुयोचा संघ हरला.

हेनिंग अंग झटकत उठला. त्याला खरचटलेदेखील नव्हते. “दोनदा!” तो हसत म्हणाला. “अरे, दोनदा कसा फसलास?”

लुवुयोचे सोबती त्याच्याकडे पाठ फिरवून निघून गेले. प्रशिक्षक मैदानात आले. “हेनिंग, डोके चालते तुझे. जागा तुझी, असे मला वाटते.”

“थांबा,” कप्तान म्हणाला. त्याने हेनिंगकडे पाहिले. “आज दोनदा खोटेच ओरडलास. आता सगळ्यांना ते कळले. उद्या खरेच तुझी मान अडकली आणि तू ओरडलास, तर समोरचा कोण थांबेल?”

हेनिंगचे हसू मावळले. त्याचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला.

“मी थांबेन,” लुवुयो म्हणाला.

मग कप्तानाने आपला दांडगा हात लुवुयोच्या खांद्यावर टाकला, स्क्रममध्ये टाकतात तसा. “प्रशिक्षक, माझे दोन्ही हात अडकलेले असतात. माझ्या शेजारी मला हा हवा.”

लुवुयोच्या पहिल्या व्यावसायिक सामन्याला सारे गाव लोटले. संघ मैदानात उतरला तेव्हा गर्दीत एक म्हातारा अख्खे अंग वळवून त्याच्याकडे बघत राहिला. लुवुयोने त्याला ओळखले आणि मैदानाच्या मधोमध मान झुकवली.

तात्पर्य: समोरचा खोटा असला तरी आपण आपला शब्द सोडू नये. जो दुसऱ्याची मान जपतो, त्यालाच खरा मान मिळतो.